ग्वाल्हेर : तानसेन समारोहाचा आठवडा, गूजरी महालातली ड्यूटी आणि आमची दोन पोरं

लष्करवाली | सोमवार, दुपारी २.१०

मंडळी, फार दिवसांनी लिहिते आहे. काल रात्री समारोह संपला, आज पोरं शाळेत गेली, सासूबाई उन्हात पाय पसरून बसल्या आहेत. म्हणून वेळ सापडला.

त्याचं असं झालं. धाकटीच्या शाळेतून निरोप आला, की तिसरी ते पाचवीच्या वर्गांना आठवडाभर गूजरी महालाचं संग्रहालय दाखवायला नेणार आहेत, ज्या आयांना जमेल त्यांनी एकेक तुकडी सांभाळायला यावं. मी ग्रुपवर अंगठा टाकला. मला वाटलं, वीसेक जणींनी टाकला असेल. आम्ही तिघी निघालो.

मंगळवारची पहिली तुकडी माझ्या हातून पार वाया गेली. सोमवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून घरी बसून मी चांगली चार पानं पाठ केली होती. ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर, त्याचा काळ १४८६ ते १५१६, महाल बांधला गूजर राणी मृगनयनीसाठी, संग्रहालय उभं केलं ते संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गर्दे यांनी. सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. गर्दे आपल्यातलेच, म्हणून ते जरा अभिमानाने, दोनदा. पोरं शांत होती, मला वाटलं ऐकताहेत. बाहेर पडताना एकाला विचारलं, काय आवडलं रे? तो म्हणाला, ‘‘आंटी, गिलहरी.’’ अंगणात खार होती म्हणे. ती मला दिसलीच नव्हती.

बुधवारी चार पानं घरी ठेवली. आत शिरल्यावर एवढंच म्हटलं, इथे दगडात कुठेतरी एक मैफल चालली आहे, ती शोधा. ज्याला सापडेल त्याने ओरडायचं नाही, फक्त येऊन माझा पदर ओढायचा.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पवायाचा तो दगड. पवाया म्हणजे जुनी पद्मावती, डबऱ्याच्या पुढे सिंध नदीच्या काठी. भवभूतीचं ‘मालतीमाधव’ घडतं तीच नगरी. तिथल्या तोरणाची ही पट्टी गुप्तकाळातली, म्हणजे दीड हजार वर्षांहून जुनी. मधे एक बाई नाचते आहे आणि तिच्या भोवती गोल करून बायकाच बायका बसल्या आहेत, प्रत्येकीच्या हातात काहीतरी. पुरुष एकही नाही. मी माहेरची इंदूरची, लग्न होऊन इथे आले त्याला पंधरा वर्षं झाली. पाहुण्यांना घेऊन त्या दालनातून निदान सहा वेळा गेले असेन. कधी थांबले नव्हते, कारण सगळे ग्यारसपूरच्या शालभंजिकेसाठी, त्या प्रसिद्ध स्त्रीमूर्तीसाठी येतात. ती जाळीच्या दाराआड असते, ‘‘दाखवता का’’ म्हणून विचारावं लागतं, आणि तिला पाहून झालं की लोक चहाला पळतात.

पदर इतक्या वेळा ओढला गेला की पिन तुटली. मग आम्ही सगळे तिथेच फरशीवर तसाच गोल करून बसलो. ज्याने दगडात जे वाद्य शोधलं ते त्याने हवेत वाजवायचं. एकीकडे धनुष्यासारखी वाकलेली वीणा आहे, दुसरीकडे दांडीची, मग तालवाद्यं. चाळीस पोरं आवाज न करता वाजवताहेत. पहारेकरी काका आधी रागाने आले, मग कोपऱ्यात उभे राहून बघत राहिले. आणि तेव्हा आमची चिमी (माझीच धाकटी, तिची तुकडी त्या दिवशी होती) म्हणाली, ‘‘आई, पण यात गाणारी कुठे आहे?’’

मला उत्तर देता आलं नाही. शुक्रवारपर्यंत आणखी दोन तुकड्या नेल्या, रोज शोधलं. तुम्हाला कोणाला माहीत असेल तर सांगा. धागा काढण्याचं अर्धं कारण हेच.

आता समारोहाचं. त्याच बुधवारी समारोह सुरू झाला. सकाळी हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी शहनाई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती. एकाच मांडवात एकामागून एक. आमच्या घरचा नेम असा की सासूबाईंना हरिकथेला न्यायचंच. त्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेल्या, टप्पा हा गायनप्रकार गायच्या. लग्नानंतर गाणं सुटलं. कोणी सोडायला लावलं नाही, सुटलं. हे त्या स्वतः सांगतात, तेही कोणी विचारलं तरच.

मोठा तेरा वर्षांचा आहे. त्याचा आवाज सध्या फुटतोय, म्हणून तो घरात फक्त खुणांनी बोलतो. समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, हे त्याला त्याच्या बाबांनी ऐकवलं. (आताचं झाड मूळचं नव्हे म्हणतात, पण पाला आंबटच.) पोराने गुपचूप मूठभर खाल्ला. सभेत अगदी शांतता असताना त्याला ठसका लागला आणि तोंडातून जो आवाज निघाला, तो ऐकून पुढच्या गादीवरचे तीन काका मागे वळले.

रात्रीच्या सभा आम्ही तीनच केल्या, त्याही अर्ध्या. प्रत्येक सभेची सुरुवात संगीत महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदाने होते. ते चिमीला आवडतं, कारण त्यात तिच्या ओळखीची एक ताई असते. त्यानंतर ती शालीत गुंडाळून झोपते. गुरुवारी बड्या ख्यालाच्या संथ विलंबितात झोपली ती द्रुत तराण्याला उठली, आणि विचारते, ‘‘हे दुसरे आले का?’’ तेच होते.

शनिवार बाबांचा. त्यांना किल्ला हवा होता, मोठ्याला सरोद घर, चिमीला जयविलास राजवाड्यातली चांदीची आगगाडी. तीनही एका दिवसात करू नका. आम्ही केली, आणि दुपारी जीवाजीगंजात गाडी लावायला जागा शोधताना नवराबायकोत जे झालं ते इथे लिहीत नाही. किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात शून्य दाखवलं. सन ८७६ चा शिलालेख आहे, त्यात २७० आकडा लिहिलाय आणि शेवटचं ते शून्य अगदी आजच्यासारखं, फक्त आकाराने बारीक. मोठा एवढंच म्हणाला, ‘‘माझ्या पेपरात पण एवढंच होतं.’’ हा त्याचा आठवड्यातला पहिला पूर्ण विनोद.

सरोद घरात मात्र तो रमला. हाफिज अली खाँसाहेबांचं हे घराण्याचं घर, आता वाद्यांचं संग्रहालय. तो गिटार बडवतो, म्हणून आधी विचारलं, ‘‘परदे कुठे आहेत?’’ सरोदला परदे, म्हणजे गिटारच्या दांडीवर असतात त्या आडव्या पट्ट्या, नसतात. अफगाणी रबाबाची लाकडी पट्टी जाऊन तिथे पोलादी पत्रा आला, आतड्याच्या तारा जाऊन धातूच्या आल्या, आणि मग डाव्या हाताच्या नखाने तार दाबून घसरत जायचं, अशी ती सगळी गंमत. दीड तास तो एका काचेसमोर उभा. बाहेर येऊन म्हणाला, ‘‘नखं वाढवू का?’’ शाळेत चालणार नाहीत हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

रविवारी सकाळची सभा बेहटला असते, तानसेनच्या जन्मगावी, झिलमिल नदीच्या काठी, साधारण ४५ किलोमीटर. आमची गाडी थंडीने सुरूच झाली नाही. तिथला शंकराचा तिरका देव्हारा आता पुढच्या वर्षी.

संध्याकाळची शेवटची सभा गूजरी महालात झाली. आणि ती सबंध सभा बायकांची होती. त्याबद्दल नंतर लिहिते, सासूबाई चहाला हाक मारताहेत.

मुरारकर | सोमवार, दुपारी ३.०५

वहिनी, मस्त. एक भर घालतो : समारोह १९२४ पासूनचा, म्हणजे २०२४ ला शंभरावा झाला. माझे आजोबा सांगायचे की आधी त्याला उरूसच म्हणत. प्रवेश अजूनही फुकट आहे, हे बाहेरगावच्यांना खरं वाटत नाही. गेल्या वर्षी पुण्याचा मेव्हणा पास कुठे मिळेल विचारत दोन दिवस फिरत होता.

गजकप्रेमी | सोमवार, दुपारी ३.२०

सगळं वाचलं. खाण्याचा उल्लेख शून्य. ८७६ सालचं शून्य.

लष्करवाली | सोमवार, दुपारी ४.००

@गजकप्रेमी घरून मेथीचे पराठे, लोणचं आणि थर्मास. किल्ल्यावरून उतरल्यावर बेडई आणि जिलबी. तिळाची गजक घरी पोचेपर्यंत संपली, तुम्हाला ठेवली नाही.

फक्त_वाचक | सोमवार, सायंकाळी ५.४५

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. आठ वर्षांच्या मुलीला डिसेंबरच्या थंडीत रात्री दहा वाजता उघड्यावर बड्या ख्यालाला बसवायचं, ती झोपणार, आणि मग आपण ‘‘संस्कार झाले’’ म्हणायचं. हे आपल्या समाधानासाठी असतं. माझ्या वडिलांनी मला असंच नेलं. परिणाम असा की मी चाळीस वर्षांचा होईपर्यंत तंबोऱ्याचा आवाज ऐकला की पाय बधिर व्हायचे.

लष्करवाली | सोमवार, सायंकाळी ६.३०

@फक्त_वाचक ‘संस्कार’ हा शब्द मी कुठेही लिहिलेला नाही, वर जाऊन बघा! समाधानाचं म्हणाल तर कबूल, मला जायचं होतं. घरी पोरांना कोणाजवळ ठेवणार? सासूबाई तर माझ्याआधी शाल घेऊन दारात उभ्या. पण तुमच्या पायांचं ऐकून एक नियम सांगते, तो आमच्याकडे पहिल्यापासून आहे : पोर म्हणालं ‘‘चला’’, की कलाकार कोणीही असो, उठायचं. म्हणून तर तीन अर्ध्या सभा. शुक्रवारी एका सरोदच्या आलापातल्या जोडच्या ऐन मधून उठले आहे मी. नवरा अजून बोलतो आहे त्यावर.

सा_रे_गप्प | सोमवार, रात्री ८.१५

पवायाच्या दगडाबद्दल. मी संगीत शिकवतो, मूर्तिशास्त्र माझा विषय नाही, तरी जेवढं ठाऊक ते सांगतो.

ती धनुष्यासारखी वीणा फार मोलाची आहे. आज आपण वीणा म्हटलं की दांडी, भोपळा, परदे डोळ्यांसमोर येतात. जुन्या काळी वीणा म्हणजे बहुधा हीच, प्रत्येक स्वराला वेगळी तार, कमानीला बांधलेली. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर घेऊन वाजवतो आहे ती हीच. पुढे काही शतकांत ती आपल्या मैफलीतून हळूहळू गेली. ब्रह्मदेशात मात्र तिची बहीण अजून वाजते, तिला ‘सौंग’ म्हणतात. तुमच्या पोरांनी हवेत वाजवली ते वाद्य आपल्या रागदारी मैफलीत कोणाच्या हातात उरलेलं नाही, म्हणजे हवेत वाजवणं हाच खरा मार्ग.

त्याच दगडात दांडीवाली वीणाही शेजारी बसली आहे. जाणारी आणि येणारी एकाच मैफलीत. मी विद्यार्थ्यांना हेच दाखवायला नेतो.

गाणारी कोण? मला वाटतं, हाताने ताल धरणारी असावी. आपल्याकडे ध्रुपदात गाणारा स्वतःच हाताने ताल दाखवतो.

मुरारकर | सोमवार, रात्री ८.४०

किंवा नाचणारीच गात असेल. लावणीत नाही का?

सा_रे_गप्प | सोमवार, रात्री ८.५०

गुप्तकाळात लावणी. बरं.

दांडियाबाजार | सोमवार, रात्री ९.३०

बडोद्याहून नमस्कार. वाचून हेवा वाटला. आमच्याकडे सयाजीबागेतलं म्युझियम सयाजीरावांनी १८८७ साली सुरू केलं, इमारत १८९४ ला पुरी झाली. आमची पोरं तिथे एकाच गोष्टीसाठी जातात, देवमाशाचा सांगाडा. त्यापुढे अकोट्याच्या कांस्यमूर्ती कोण बघतो? तुमची ‘पदर ओढा’ युक्ती पुढच्या रविवारी वापरते. आमच्याकडे ड्रेस असतो, ओढणी ओढायला सांगीन.

संगीताचं म्हणाल तर भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली भरवली ती बडोद्याला, हे ग्वाल्हेरकरांना आठवण म्हणून. माधव महाविद्यालय त्यानंतरचं, १९१८ चं.

मुरारकर | सोमवार, रात्री ९.५०

ताई, परिषद तुमची, पण गाणं कोणाचं? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला येऊन वासुदेवबुवा जोशींकडे शिकले नसते तर महाराष्ट्रात ख्याल पोचायला आणखी किती वर्षं लागली असती?

दांडियाबाजार | सोमवार, रात्री १०.०५

गायक फैयाज खाँसाहेब आमचे. आता झोपते.

माहेर_चिटणीसांची_गोठ | मंगळवार, सकाळी ७.२०

मी हल्ली पुण्यात. हा धागा वाचून सकाळी सकाळी रडले, मग हसले, मग नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणतो, ‘‘तुमचं ग्वाल्हेरी मराठी म्हणजे हिंदीला लुगडं नेसवलंय.’’ असो.

लहानपणी आम्ही हजिऱ्याला टेम्पोने जायचो. परतताना टेम्पो मिळायचा नाही, तर बाबा आम्हा तिघी बहिणींना चालवत आणायचे आणि वाटेत ऐकलेल्या रागाचं नाव विचारायचे. चुकलं तर पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत गप्प चालायचं. आम्ही मुद्दाम चुकायचो, कारण गप्प चालताना बाबांच्या कोटाच्या खिशात हात घालता यायचा. खिसा एक, हात तीन.

सासूबाईंचं पुढे काय झालं? गूजरी महालाचं लिहिते म्हणालात, लिहिलंच नाहीत.

फक्त_वाचक | मंगळवार, सकाळी ९.१०

@माहेर... हे वाचून माझा कालचा मुद्दा मला जरा कोता वाटायला लागला आहे. पूर्ण मागे घेत नाही. थंडीचं अजूनही म्हणणं आहे.

लष्करवाली | मंगळवार, दुपारी १.३०

हो, राहिलंच.

रविवारी सासूबाईंना गूजरी महालात न्यायचं म्हणजे दगडी पायऱ्या आणि त्यांचे गुडघे. शेजारचा मुलगा आणि आमचे हे, दोघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. त्या वाटभर ‘‘अरे लोक काय म्हणतील’’ करत होत्या, आणि चेहरा मात्र पालखीत बसल्यासारखा.

मी आठवडाभर त्याच अंगणात पोरं मोजत उभी होते, आणि आता तिथे दिवे, मंच, गाद्या. संग्रहालयाची दालनं बंद झालेली, म्हणजे दगड काही त्यांना दाखवता आला नाही. म्हणून चिमीनेच त्यांना समजावलं. पुढच्या मोकळ्या गादीवर गोल काढून, कोण कुठे बसली आहे, मधे कोण, वीणा कुठे. आणि शेवटी आपला प्रश्न : आज्जी, गाणारी कुठे गेली?

सासूबाईंनी विचारलं, ‘‘चेहरे नीट दिसतात का त्या बायकांचे?’’

नाही, म्हटलं, झिजलेत.

‘‘मग तोंड कोणाचं उघडं होतं, ते कसं कळायचं?’’

तेवढ्यात मंचावर तंबोरे जुळायला लागले. गाणारी, तंबोऱ्यावरच्या दोघी, सगळ्या बायकाच. चिमी एकदा मंचाकडे, एकदा गादीवरच्या आपल्या गोलाकडे. ती त्या दिवशी झोपली नाही. उगाच वाढवून सांगत नाही, झोपली नाही याचं एक कारण असंही की ती दुपारी दोन तास झोपली होती.

एक तास झाल्यावर तीच म्हणाली, ‘‘चला.’’ नियमाप्रमाणे मी उठले. सासूबाई उठेनात. त्यांचा हात मांडीवर ताल देत होता, आणि ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी दोनदा ‘‘आई’’ म्हटलं. मग चिमीनेच माझा पदर ओढला आणि खाली बसवलं.

सा_रे_गप्प | मंगळवार, दुपारी २.१५

माझं हाताच्या तालाचं उत्तर मागे घेतो. आजीबाईंचं बरोबर आहे.

त्यांना विचारा, टप्पा कोणता गायच्या. सहज विचारतोय.

लष्करवाली | मंगळवार, दुपारी २.४०

विचारलं. ‘‘काफीतला’’ म्हणाल्या, आणि लगेच ‘‘भाजी निवडायची आहे ना?’’

गजकप्रेमी | मंगळवार, दुपारी ३.००

कोणती भाजी?

दांडियाबाजार | मंगळवार, सायंकाळी ६.२०

पुढच्या डिसेंबरात आम्ही चौघं येतो. मुलं नऊ आणि सहा वर्षांची. थंडी कितपत असते ते खरं खरं सांगा, आमच्याकडे स्वेटर नावालाच असतो.

लष्करवाली | मंगळवार, रात्री ९.००

दोन स्वेटर, कानटोपी, पायमोजे दोन जोड्या, आणि गादीखाली घालायला एक जुनी रजई. रजई आमच्याकडून न्या. बेहटलाही एकदम जाऊ, मात्र गाडी तुमची.